गव्हाविना चालणाऱ्या घरातील घरघंटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

ठाण्यात कोलशेत रस्त्यालगतच्या आमच्या घरात दीड वर्षापूर्वी एक अश्वशक्तीची घरघंटी आली, आणि तेव्हापासून तिच्यात गव्हाचा एकही दाणा पडू दिलेला नाही. घरघंटी घेणारी बहुतेक कुटुंबे ती गव्हासाठीच घेतात, विक्रेतेही ताज्या कणकेचेच गुण गातात, आणि यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ज्वारी-बाजरीच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. ज्या घरात गहू वर्ज्य आहे त्या घराला हे यंत्र कितपत उपयोगी पडते, याविषयी खरेदीपूर्वी मला फारसे काही वाचायला मिळाले नव्हते. म्हणून हा आढावा केवळ त्या अंगाने लिहीत आहे. विशिष्ट कंपनीची शिफारस करण्याचा हेतू नाही. गुजरातेत, विशेषतः राजकोटच्या आसपास, अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि या किमतीतल्या यंत्रांच्या पोटात फारसा फरक नसतो, असे चार दुकाने फिरल्यावर माझे मत झाले आहे.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक रोग असल्याचे ती आठ वर्षांची असताना निश्चित झाले. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, तेथील अन्न शोषणारे बारीक रसांकुर सपाट होत जातात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० सालचा आहे, आणि आजही यावरचा उपचार म्हणजे जन्मभर ग्लुटेन टाळणे हाच आहे. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर माझ्या आईने मोठ्या धीराने म्हटले, ‘‘त्यात काय एवढे, भाकरी खाईल.’’ आई सोलापूरकडची असल्यामुळे तिच्या लेखी पोळी हे मुळातच सणावाराचे अन्न आहे. परंतु पहिले सहा महिने भाकरी, घावन, भात असे सगळे बिनगव्हाचे खाऊनही मुलीच्या रक्तातील या आजाराच्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) प्रमाण अपेक्षेइतके उतरले नाही, आणि तेव्हा आमची नजर गिरणीकडे वळली.

आमच्या जवळच्या गिरणीत तीन चक्क्या आहेत. एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरी आणि तांदळाची, एक डाळींची. गिरणीवाले काका सज्जन आहेत, त्यांनी मला आत नेऊन सगळे दाखवले. पण तिन्ही चक्क्या एकाच खोलीत, पिठाचा पांढरा थर भिंतीपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत सगळीकडे, डबे झटकायचा कुंचा एकच, आणि गव्हाच्या चक्कीवर गर्दी झाली की दुसऱ्या चक्कीवर गहू घातला जातो हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार एखाद्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायचे तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. एक ग्रॅम कणकेत साधारण ८० ते ९० मिलिग्रॅम ग्लुटेन असते, हे लक्षात घेतले तर एक किलो ज्वारीच्या पिठात केवळ पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ती मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे लहानशी चिमूट. गिरणीच्या कुंच्यावर त्याहून जास्त बसलेले असते. हा हिशेब मांडल्यावर काकांना दोष देण्यात अर्थ उरला नाही आणि घरघंटीला पर्याय उरला नाही.

जात्याच्या धर्तीची दगडी घरघंटी घ्यावी की पोलादी पात्यांची, हा पहिला प्रश्न होता. दगडी यंत्राचे पीठ थंड आणि मऊ येते हे खरे, परंतु दगडाला ठरावीक काळाने छिन्नीने टाकी लावावी लागते आणि त्याच्या खाचांत बसलेले पीठ पूर्णपणे निघत नाही. पोलादी यंत्रात मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेणारी पाती धान्य फोडतात आणि भोवतीच्या जाळीतून जेवढे बारीक झाले तेवढेच खाली उतरते. ती दळणाची कोठी उघडून कोरड्या ब्रशने आणि नंतर कपड्याने स्वच्छ पुसता येते. आम्ही दुसरे घेतले. जुने यंत्र निम्म्या किमतीत मिळत होते, पण ज्या यंत्राने आयुष्यभर गहू दळला आहे ते सिलिअ‍ॅक असलेल्या घरात, माझ्या मते, फुकट मिळाले तरी आणू नये. नव्या यंत्राला सहा जाळ्यांसह अठरा हजारांच्या आसपास खर्च आला.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने प्रात्यक्षिकासाठी आपल्या पिशवीतून वाटीभर गहू काढला तेव्हा मी अक्षरशः त्याचा हात धरला. त्याला वाटले मला दळणाची घाई नाही. त्याला आजार समजावून सांगण्यात पंधरा मिनिटे गेली आणि शेवटी घरच्या तांदळावर प्रात्यक्षिक झाले. जे कोणी याच कारणासाठी घरघंटी घेणार असतील त्यांनी ही गोष्ट पैसे भरतानाच सांगून ठेवावी. कारखान्यातून निघण्यापूर्वी यंत्र कोणत्या धान्यावर चालवून पाहतात हे विक्रेत्याला सांगता आले नाही, म्हणून कोठी दोनदा पुसून आम्ही स्वस्तातले तीन किलो तांदूळ दळले आणि ते पीठ मुलीला न देता मोठ्यांच्या घावनांत संपवले.

यानंतरची गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. स्वच्छ यंत्रात घातलेले धान्यच स्वच्छ नसेल तर अठरा हजार पाण्यात जातात. जांभळी नाक्यावरून आणलेली दहा किलो मालदांडी ज्वारी आई परातीत घेऊन निवडायला बसली तेव्हा पहिल्याच परातीत गव्हाचे सात दाणे निघाले. ज्वारी आणि गहू ही दोन्ही रब्बीची पिके एकाच शिवारात येतात, एकाच मळणीयंत्रातून निघतात, त्याच गोण्यांत भरली जातात आणि दुकानातही दोहोंना एकच माप लागते. त्यामुळे यात कोणाची लबाडी आहे असेही नाही. तेव्हापासून प्रत्येक धान्य आधी निवडले जाते, मग दोन पाण्यांनी धुऊन बाल्कनीत जुन्या सुती साडीवर वाळवले जाते. धुण्याने दाण्यांवरची गव्हाची धूळ जाते, पण दाणा आतून वाळला नाही तर जाळी चिकटून बसते. उन्हाळ्यात हे काम दीड दिवसात होते. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या दमट हवेत तीन-तीन दिवस पंख्याखाली ठेवूनही दाणा दाताखाली कटकन फुटत नाही, म्हणून पावसाळ्यापुरते धान्य आम्ही आता मे महिन्यातच धुऊन, कडक उन्हात वाळवून, डब्यांत भरून ठेवतो. पूर्वी घरोघरी वर्षाचे धान्य भरताना हेच चालत असे. आम्हाला ते आजारपणाने परत शिकवले.

ज्वारीच्या बाबतीत यंत्राला मी पैकीच्या पैकी गुण देतो. मधल्या बारीक जाळीतून आलेले पीठ गिरणीच्या पिठाहून किंचित रवाळ असते, परंतु ते त्याच दिवशीचे असल्यामुळे त्याला विरी चांगली असते. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने भाकरी धरून ठेवणारे दुसरे काही लागते, आणि आई ज्या उकळत्या पाण्यात पीठ मळते ते पाणी नेमके तेच काम करते: पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि थापताना कडा फाटत नाहीत. पीठ जुने झाले की उकळते पाणीही उपयोगी पडत नाही. पूर्वी गिरणीतून पंधरा दिवसांचे दळण एकदम आणावे लागे आणि शेवटच्या चार दिवसांत भाकरीचे तुकडे पडत. आता दर तिसऱ्या दिवशी किलोभर दळतो आणि भाकरीला पापुद्रा सुटतो. आईने यंत्राचे कौतुक केले ते एवढ्याच वाक्यात, ‘‘दगडाची चव नाही, पण भाकरी फुगते.’’

बाजरीला हा नियम अधिकच लागू पडतो, कारण तिच्या पिठातील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि पीठ आठवड्याभरात कडवटते. बाजरी दोन दिवसांच्या वापरापुरतीच दळावी आणि तेलकटपणामुळे जाळी प्रत्येक वेळी झटकावी. नाचणीचे बारीक कठीण दाणे एका फेरीत नीट होत नाहीत, त्यांना दोनदा घालावे लागते. राजगिऱ्याचे दाणे इतके हलके असतात की वरून एकदम ओतले तर अर्धे तसेच उडून खाली येतात. चण्याच्या डाळीचे बेसन मात्र उत्तम होते, आणि बाजारच्या बेसनात कशाचे पीठ मिसळले असेल ही शंका कायमची मिटते. भाजणीचे तर विचारूच नये. थालीपिठाच्या भाजणीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गहू पडत आला आहे, त्यामुळे तयार भाजणी मुलीला बंदच होती. आता गव्हाच्या जागी थोडे जास्त तांदूळ आणि मूठभर नाचणी घालून भाजलेली भाजणी घरीच दळतो आणि शाळेच्या डब्यात आठवड्यातून दोनदा थालीपीठ जाते.

तांदूळ ही या यंत्राची कमजोर बाजू आहे. घावनाला, धिरड्याला, आंबोळीला लागणारे पीठ व्यवस्थित येते. वाडा कोलम धुऊन, सावलीत वाळवून सर्वांत बारीक जाळीतून काढला की घावन जाळीदार होते. पण गणपतीत मोदकांची उकड काढली तेव्हा पारी वळताना कडा चिरत गेल्या, आणि एकवीसपैकी नऊ मोदकांना उकडताना तडे गेले. तेव्हापासून मोदकांसाठी पीठ दळल्यावर ते मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करतो आणि वर राहिलेली कणी पुन्हा यंत्रात घालतो. किलोभर तांदळाला या कामात पाऊण तास जातो. विक्रेता ‘मैद्यासारखे बारीक’ म्हणतो ते तांदळाच्या बाबतीत मानू नये.

हीच अडचण बेकिंगमध्ये सर्वांत जास्त जाणवते. पहिला पाव केला तो चवीला बरा, पण हातात घेतल्यावर वीट, आणि खाताना दाताखाली बारीक कचकच. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्यात एकत्र येऊन लवचिक जाळे विणतात आणि यीस्टचा वायू त्या जाळ्यात अडकून पाव फुलतो. आपल्या पिठांत ते जाळे नसल्यामुळे वायू निसटून जातो. त्या जाळ्याची जागा थोडीफार भरून काढतो तो इसबगोलाचा भुसा, कारण पाण्यात तो घट्ट बुळबुळीत होऊन पीठ बांधून ठेवतो. अनेक फसलेल्या पावांनंतर आमचे प्रमाण ठरले ते असे: वस्त्रगाळ केलेले तांदळाचे पीठ १५० ग्रॅम, ज्वारीचे १२० ग्रॅम, ग्लुटेनमुक्त असे लेबल असलेला विकतचा टॅपिओका स्टार्च ८० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, कोरडे यीस्ट ५ ग्रॅम, तेल २५ मिलिलिटर आणि सगळे मिळून ३९० मिलिलिटर पाणी. यातील ३० ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि १५० मिलिलिटर पाणी घेऊन आधी भाकरीसारखी उकड काढावी, ती कोमट झाल्यावर बाकीच्यात मिसळावी. ही कल्पना कोठल्याही पुस्तकातली नाही. आईला भाकरी करताना पाहून सुचली, आणि तिच्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहू लागला. हे मिश्रण मळता येत नाही, ते घट्टसर पिठल्यासारखे असते, म्हणून सरळ साच्यात ओतून एकदाच फुगू द्यायचे असते. मे महिन्यात अर्धा तास पुरतो, जानेवारीत तास लागतो. २०० अंशांवर ओव्हनमध्ये ५५ ते ६० मिनिटे भाजून किमान दोन तास जाळीवर निवू द्यावा. गरम असताना सुरी घातली की आतला भाग चिकट लागतो आणि सगळी मेहनत फुकट गेली असे वाटते. तसे ते वाटणेही बरोबर नाही, निवल्यावर तोच पाव बरा कापला जातो.

केकला त्रास कमी. तांदळाच्या पिठाचे मिश्रण भाजण्यापूर्वी अर्धा तास तसेच ठेवले की कण पाणी पितात आणि कचकच बरीच कमी होते. नानकटाईच्या बाबतीत तर मैद्याची उणीवच भासत नाही, कारण तेथे लवचिकपणा नकोच असतो, खुसखुशीतपणा हवा असतो; घरच्या बेसनाची, थोड्या तांदळाच्या पिठाची, तुपात फेटलेली नानकटाई शेजारच्या मुलांनीही मागून नेली. या सगळ्या अनुभवावरून माझे मत असे आहे की रोजच्या भाकरी-घावनांसाठी घरघंटी घ्यावी, केवळ पावासाठी घेऊ नये. महिन्यातून दोनदा पाव करणाऱ्याने प्रमाणित लेबलाचे तांदळाचे बारीक पीठ विकत आणावे. ते ज्वारीच्या तिप्पट महाग पडते हे खरे, पण तेवढ्यासाठी यंत्राची जागा आणि आवाज सहन करण्याचे कारण नाही.

आवाज हा मोठाच दोष आहे. मिक्सरचा आवाज दोन मिनिटांत थांबतो, हा अर्धा अर्धा तास चालतो. आमच्या वरच्या मजल्यावर रात्रपाळीचे काम करणारे गृहस्थ राहतात. त्यांच्याशी बोलून दळणाची वेळ सायंकाळी सहानंतरची ठरवली आणि यंत्राखाली जाड रबराची चटई घातली. पिठाचा डबा जाड कापडी गाळणीने बांधलेला असूनही बारीक पीठ थोडे उडतेच, म्हणून यंत्र स्वयंपाकघरात न ठेवता बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवले आहे. विजेचा खर्च नगण्य. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरून तासाला साधारण एक युनिट, आणि तासाभरात सात-आठ किलो ज्वारी सहज होते.

दुरुस्तीचा अनुभव संमिश्र आहे. अकराव्या महिन्यात ज्वारीतून निसटलेल्या एका खड्याने जाळी फाटली. धान्य निवडूनही असे होते, त्यामुळे दळणाच्या वेळी आवाज बदलला की लगेच यंत्र बंद करून पाहावे. आम्ही ते सगळे पीठ टाकून दिले. नवी जाळी मिळायला बारा दिवस लागले, आणि ती बसवायला आलेल्या तंत्रज्ञाच्या ब्रशला कुठल्या तरी घरची कणीक लागलेली होती. त्याला आमचाच ब्रश दिला, तरी मनाला समाधान नव्हते म्हणून पुन्हा एकदा तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढले. तेव्हापासून सर्वांत जास्त लागणाऱ्या दोन जाळ्या जादा आणून ठेवल्या आहेत, आणि त्या बसवणे मी शिकून घेतले आहे. चार स्क्रू आहेत, कठीण काही नाही.

घरघंटीने घरातील बाकीच्या वाटा आपोआप बंद होत नाहीत, हेही येथे नोंदवायला हवे. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, आणि ते कळेपर्यंत आमच्या फोडणीत रोज तो पडत होता. आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग लेबल वाचून आणतो. सुरमईला रवा लावणे बंद करून घरचे तांदळाचे पीठ लावतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कुरकुरीतपणात ते रव्याला भारी पडते. लाकडी पोळपाट-लाटणे आणि पिठाची चाळण यांत कणीक इतकी मुरलेली असते की ती वेगळी करण्याऐवजी नवीच घ्यावी लागली. पहिले चार महिने मोठ्यांसाठी वेगळ्या पोळ्या करून पाहिल्या, पण एकाच ओट्यावर कणीक मळायची आणि शेजारी भाकरी थापायची, यात रोज धास्ती होती. शेवटी गहू घरातूनच गेला आणि मी पोळी कार्यालयाच्या उपाहारगृहात खातो. हे सगळे एकत्र केल्यानंतरच्या वर्षभरात मुलीच्या तपासणीतील आकडे सामान्य मर्यादेत आले. त्यातला घरघंटीचा वाटा किती हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

ज्यांना आजार नाही आणि केवळ गहू सोडला की हलके वाटते म्हणून हे करायचे आहे, त्यांना गिरणीतील ज्वारीचे पीठ पुरेसे आहे. पाव ग्रॅमचा हिशेब त्यांच्यासाठी नाही आणि अठरा हजारही नाहीत. ज्यांच्या घरी निदान झालेले मूल आहे त्यांनी मात्र दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकाच्या यंत्राआधी हे घ्यावे, असे मी सांगेन.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा, आणि तो किरकोळ नाही. इमारतीत घरघंटी आल्याचे कळल्यावर पंधरा दिवसांत तीन घरांतून गव्हाचे डबे आले. समोरच्या काकूंना नाही म्हणताना फार जड गेले, कारण मुलगी आजारी असताना आठ दिवस डबा त्यांच्याकडून येत होता. त्या थोड्या रागावल्या, मग एकदा निवांत बसून आईने त्यांना सगळे सांगितले. आता त्या नाचणी आणि उपवासाची वरी घेऊन येतात. यंत्रात जाण्याआधी ती आमच्याच परातीत निवडली जाते, आणि निवडायला त्याही आईबरोबर बसतात.